आई-बाबांना घेऊन यलोस्टोन लेकला आरव्ही कॅम्पिंग : बेत आखायला मदत हवी आहे

ओवी_के

नमस्कार मंडळी,

जूनमध्ये सांगलीहून आई-बाबा आमच्याकडे फ्रीमाँटला येत आहेत. गणपतीच्या आधी त्यांना परत जायचं आहे, म्हणून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात यलोस्टोन नॅशनल पार्क करावं असं घरात चाललंय. आम्ही दोघं, मुलं (९ आणि ५ वर्षं) आणि आई-बाबा सॉल्ट लेक सिटीपर्यंत विमानानं जाऊ. माझे दीर-जाऊ तिथेच राहतात, ते त्यांची कार घेऊन बरोबर येतील.

मुलांना आरव्हीच, म्हणजे आत पलंग, ओटा आणि संडास असलेली मोठी गाडीच, हवी आहे. मला स्वतःला तळ्याकाठी चार दिवस एका जागी राहायचंय. दर वेळी आई-बाबा आले की आपण त्यांना रोज नव्या गावात नेतो, रोज बॅगा भरतो आणि त्यांचा अर्धा वेळ गाडीत जातो. या वेळी आजी-आजोबांनी आणि नातवंडांनी पाण्यापाशी नुसतं बसावं, गप्पा माराव्यात, इतकं साधं हवंय.

बाबा ७२ वर्षांचे आहेत आणि त्यांचा एक गुडघा दुखतो. आईला बीपीची गोळी आहे. आरव्हीतली झोपायची सोय, संडास-बाथरूम त्यांना जमेल का? की त्यापेक्षा ग्लॅम्पिंगचे, म्हणजे आत पलंग-बिछान्याची सोय असलेले आरामशीर तंबू बरे? जेवण आम्ही घरचंच करू. आणि अस्वलांचं खरंच किती मनावर घ्यायचं?

आधीच धन्यवाद.

डोंगरवेडा

ओवी, बेत छान आहे, आणि बरोबर कार येणार आहे ही यातली सगळ्यात चांगली गोष्ट. आरव्ही तळ्याजवळ एकदा लावायची, वीज-पाणी जोडायचं आणि परत निघेपर्यंत हलवायची नाही. फिरणं सगळं कारनं. आरव्ही घेऊन रोज फिरायचं म्हटलं की सकाळी उठून वायर काढा, पाइप गुंडाळा, कपाटं बंद करा, ओट्यावरचं सामान आवरा. मग ओल्ड फेथफुलचा गरम पाण्याचा फवारा किंवा ग्रँड प्रिझमॅटिकचं रंगीत गरम कुंड बघायला गेलं की पार्किंगमध्ये तीस फुटी गाडी कुठे लावायची हा प्रश्न उरतोच.

यलोस्टोनच्या आत वीज, पाणी आणि सांडपाणी या तिन्ही जोडण्या मिळणारी एकच जागा आहे, फिशिंग ब्रिज आरव्ही पार्क. यलोस्टोन लेकमधून यलोस्टोन नदी बाहेर पडते, त्याच तोंडाशी. हा अस्वलांचा भाग आहे, म्हणून तिथे कापडी तंबू किंवा कापडी भिंतींचे ट्रेलर चालत नाहीत, फक्त टणक भिंतींच्या गाड्या. म्हणजे तळ्याच्या त्या टोकाला ग्लॅम्पिंगचा प्रश्न तसाही निकालात निघतो.

अंतरं सांगतो. वेस्ट यलोस्टोनच्या प्रवेशद्वारापासून मॅडिसन, नॉरिस, कॅन्यनमार्गे फिशिंग ब्रिज साधारण ५६ मैल. ओल्ड फेथफुलवरून गेलात तर ६८ च्या आसपास. पार्कमध्ये वेगमर्यादा ४५ मैल आहे आणि मध्येच गवे (बायसन) रस्त्यावर आले की सगळी रांग थांबते, त्यामुळे या अंतराला दोन तासांच्या वर धराच.

गवतीचहा

आरव्हीच्या आतल्या सोयीबद्दल लिहिते, कारण सासू-सासऱ्यांना घेऊन आम्ही हे केलं आहे.

भाड्यानं साधारण क्लास सी मिळते. ड्रायव्हरच्या डोक्यावर एक बिछाना, मागे एक डबल बेड आणि जेवायच्या टेबलाचा रात्री होणारा तिसरा पलंग. वरच्या बिछान्याला शिडी असते, ती मुलांना द्या. आई-बाबांना मागचा बेड. पण बुक करताना आराखडा नीट बघा. काही गाड्यांत मागचा बेड कोपऱ्यात भिंतीला चिकटून असतो. मग आतल्या बाजूच्या माणसाला रात्री उठायचं तर दुसऱ्याच्या अंगावरून जावं लागतं. दोन्ही बाजूंनी उतरता येईल असा बेड आणि शेजारीच बाथरूम, हे दोन मुद्दे पक्के करून मगच पैसे भरा. चढायच्या पायऱ्या उंच असतात. आम्ही एक रुंद, घडीची पायरी आणि दाराशी धरायला दांडा आहे ना हे पाहून घेतलं होतं. गुडघेदुखीला त्याचा फार उपयोग होतो.

मुलांच्या कार सीटचा विषय मात्र कोणी सांगत नाही, म्हणून ठळक सांगते. टेबलाभोवतीच्या आडव्या किंवा मागे तोंड केलेल्या बाकांवर कार सीट लावू नये. बऱ्याच गाड्यांत त्या बाकांचा सांगाडा लाकडी असतो आणि पट्टा आहे म्हणजे सीट सुरक्षित बसली असं होत नाही. तुमच्याकडे दुसरी कार आहे तर प्रवासात दोन्ही मुलं कारमध्येच बसवा. आणि गाडी चालू असताना वरच्या बिछान्यावर कोणीही झोपायचं नाही, मुलांनी कितीही हट्ट केला तरी.

उत्तरायण

माझं मत थोडं वेगळं आहे. आरव्हीचं भाडं, वर मैलांचे पैसे, जनरेटरच्या तासांचे पैसे, विमा, पेट्रोल आणि जागेचं भाडं एकत्र केलं तर दोन चांगल्या केबिन येतात. आपला नेहमीचा कार विमा भाड्याच्या आरव्हीला लागू होईलच असं नाही, आणि बरीच क्रेडिट कार्डं त्यांच्या भाडेगाडीच्या संरक्षणातून आरव्ही वगळतात. हे फोन करून विचारा, गृहीत धरू नका.

तळंच हवं असेल तर खाली दक्षिणेला ग्रँड टीटन नॅशनल पार्कातलं जॅक्सन लेक बघा. कोल्टर बेला लाकडी केबिन आहेत, आणि अर्ध्या लाकडी, अर्ध्या कापडी टेंट केबिनही आहेत. ग्लॅम्पिंगची हौस तिथे भागते. पण त्या टेंट केबिनमध्ये अंथरूण-पांघरूण आपलं न्यावं लागतं आणि संडास बाहेर सामाईक आहे, तेव्हा आई-बाबांना लाकडी केबिन, मुलांना टेंट केबिन असं करा. समोर माउंट मोरान आणि खाली पाणी. माझ्या आईला यलोस्टोनपेक्षा तो किनारा जास्त आवडला.

ओवी_के

सगळ्यांचे आभार. उत्तरायण, खर्चाचा मुद्दा बरोबर आहे, नवऱ्यालाही तेच वाटत होतं. पण आम्हाला दोन कुलपांच्या दोन खोल्या नको आहेत. सकाळी आईनं चहा टाकला की सगळे एकेक करून उठून तिथेच जमावेत, यासाठीच आरव्ही. बाहेरच्या पार्कांत मिळणारे महागडे तंबू मी पाहिले. त्यात लाकडाची शेगडी असते, पण रात्री ती विझली की पुन्हा पेटवायला कोणीतरी उठायचं. ते आई-बाबांना नको.

आता जेवणाचं सांगा कोणीतरी. आईला रोज वरण-भात लागतो.

खडीसाखर

हा माझा प्रांत!

पहिली गोष्ट उंचीची. यलोस्टोन लेक ७,७३३ फुटांवर आहे. तिथे पाणी साधारण ९२ अंश सेल्सिअसला उकळतं. उघड्या पातेल्यात डाळ शिजायला फार वेळ लागतो, भातही मधे कच्चा लागतो. कुकर हवाच. छोटा तीन लिटरचा शिट्टीचा कुकर न्या, एक-दोन शिट्ट्या जास्त द्या. वीज जोडलेली असेल तर इन्स्टंट पॉटही चालतो, मात्र तो चालू असताना मायक्रोवेव्ह आणि एसी लावू नका. तीस अँपिअरच्या जोडणीवर सगळं एकदम लावलं की खटका पडतो.

दुसरी गोष्ट फोडणीची. आरव्हीचं छत डोक्याला टेकेल इतकं जवळ आणि धुराचा अलार्म शेगडीपासून चार हातांवर. मोहरी तडतडली, मिरची पडली की तो ठणाणा ओरडायला लागतो आणि शेजारच्या गाड्यांतली माणसं डोकावतात. म्हणून छताची खिडकी उघडायची, पंखा सुरू करायचा, दार सताड उघडं आणि मगच तेल तापवायचं. अलार्म काढून ठेवू नका, गॅसवर चालणारी गाडी आहे ती. याहून सोपा उपाय म्हणजे फोडणी घरूनच करून नेणं. मी तेलात मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता यांची खमंग फोडणी करून घट्ट झाकणाच्या बाटलीत भरते. वरणावर, पोह्यांवर, कोशिंबिरीवर एक-एक चमचा घातला की काम होतं.

बाकी भाजलेला रवा मिठासकट उपम्यासाठी, थालिपिठाची भाजणी, मेतकूट, दाण्याची चटणी, लोणचं, गोठवलेल्या पोळ्या. दडपे पोहे तर गॅस न पेटवता होतात. दूध, दही, भाज्या, कांदे-बटाटे विमानानं उतरल्यावर सॉल्ट लेक सिटीतच भरा, तिथे भारतीय दुकानं आहेत. फिशिंग ब्रिजला छोटं दुकान आहे, पण कोथिंबीर-हिरवी मिरची तिथे शोधू नका.

डोंगरवेडा

खडीसाखर, फोडणीच्या बाटलीला अनुमोदन! त्याला जोडून अस्वलांचं सांगतो.

ओवी, पूर्ण मनावर घ्यायचं. यलोस्टोनमध्ये नियम असा की वापरात नसलेलं खाणं, भांडी, शेगडी, कचरा, अगदी टूथपेस्ट आणि साबणसुद्धा बाहेर ठेवायचा नाही. बंद टणक गाडीत किंवा लोखंडी पेटीत. आपल्याकडे घासलेली भांडी बाहेर उन्हात उपडी घालायची सवय असते, तेलाची बाटली टेबलावर राहते, उरलेला भात झाडाखाली पाखरांना टाकला जातो. यातलं काहीही तिथे नको. अस्वलाला एकदा माणसाच्या अन्नाची चटक लागली की ते पुन्हा पुन्हा वस्तीत येतं आणि शेवटी त्यालाच मारावं लागतं. आजी-आजोबांना पहिल्याच दिवशी हे प्रेमानं समजावून सांगा. कारण कळलं की ते आपल्यापेक्षा काटेकोर पाळतात.

अंतराचा नियमही आहे. अस्वल आणि लांडग्यापासून १०० यार्ड, गवा, एल्क (मोठं हरीण) आणि बाकी सगळ्यांपासून २५ यार्ड. गवा गाईसारखा संथ चरताना दिसतो म्हणून लोक फोटोला जवळ जातात. तो माणसाच्या तिप्पट वेगानं धावतो. हेडन व्हॅली फिशिंग ब्रिजपासून जवळच आहे, सकाळी लवकर कारनं जा, गाडीत बसूनच शेकडो गवे दिसतील. अस्वलाचा स्प्रे विमानात नेता येत नाही, तिथे पोचल्यावर घ्या आणि बॅगेत न ठेवता कमरेला लावा.

मीनाक्षी_ताई

मी नर्स आहे म्हणून दोन शब्द. साडेसात हजार फुटांवर समुद्रसपाटीवरून एकदम गेलं की पहिल्या दिवशी डोकं दुखणं, धाप लागणं, झोप न लागणं हे धडधाकट माणसालाही होतं. आईंचं बीपी आहे तर निघायच्या आधी त्यांच्या डॉक्टरांशी बोला. सॉल्ट लेक सिटी सव्वाचार हजार फुटांवर आहे, तिथे दिरांकडे एक रात्र काढून मग वर चढा. पहिला दिवस नुसता बसून काढायचा, पाणी भरपूर प्यायचं. गोळ्या दुप्पट घेऊन जा, एक संच कारमध्ये, एक आरव्हीत. लेक व्हिलेजमध्ये उन्हाळ्यात दवाखाना असतो, फिशिंग ब्रिजपासून अगदी जवळ. आई-बाबांचा प्रवासी विमा आधीपासूनच्या आजारांसाठी काय देतो ते आत्ताच वाचून ठेवा.

आणि मुलांना सांगा, तळ्यात पोहायचं नाही. भर उन्हाळ्यातही ते पाणी इतकं गार असतं की काही मिनिटांत हातपाय आखडतात. पाय बुडवायचे, दगड टाकायचे, पुरे. रात्री ऑगस्टमध्येही पारा गोठणबिंदूजवळ जातो. लोकरीच्या टोप्या आणि मोजे न्या.

ओवी_के

मीनाक्षीताई, एक रात्र दिरांकडे, हे पक्कं केलं. आता थोडा नाजूक प्रश्न. संडासात आई-बाबांना पाणी लागतं, तिथे जागा केवढीशी, आणि ती टाकी रिकामी करायचं काम कसं असतं? नवरा म्हणतोय तो करेल, पण त्याला नीट माहीत असलेलं बरं.

डोंगरवेडा

यात नाजूक काही नाही, सगळ्यांना करावंच लागतं.

दोन टाक्या असतात. काळी टाकी संडासाची, करडी टाकी बेसिन आणि अंघोळीची. आपली पाण्याची सवय इथे फायद्याची आहे. काळ्या टाकीत जितकं पाणी जास्त तितकी ती नीट रिकामी होते. कागद वापरणाऱ्यांनाच मुद्दाम जास्त पाणी सोडा म्हणून सांगावं लागतं. एक मग आणि झाकणाची बादली ठेवा, काम झालं.

सांडपाण्याची नळी जोडलेली असली तरी काळ्या टाकीची खिटी कायम उघडी ठेवायची नाही. तशी ठेवली तर पाणी वाहून जातं, घट्ट मळ तळाशी साचतो आणि मग तो कशानंही निघत नाही. टाकी दोन तृतीयांश भरू द्यायची, रबरी हातमोजे घालायचे, नळी घट्ट बसली आहे ना ते बघायचं, आधी काळी सोडायची आणि ती बंद करून मग करडी. साबणाच्या पाण्यानं नळी धुऊन निघते. शेवटी टाकीत थोडं पाणी आणि औषधाची पुडी. दहा मिनिटांचं काम.

पिण्याच्या पाण्याचा पाइप वेगळा असतो. तो आणि हा एकाच कप्प्यात ठेवू नका.

सह्यकडा

अवांतर, पण या तळ्याबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. सुमारे ६,४०,००० वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या महास्फोटात जमीन खचून जे प्रचंड कुंड झालं, त्याच्या आत या तळ्याचा मोठा भाग येतो. पश्चिमेचं वेस्ट थंब हे टोक नंतरच्या, साधारण १,७४,००० वर्षांपूर्वीच्या लहान स्फोटानं झालं. तिथे लाकडी वाटेवरून फिरताना एका हाताला निळी उकळती कुंडं आणि दुसऱ्या हाताला बर्फासारखं तळं दिसतं. वाट जेमतेम पाऊण मैलाची आहे, गुडघा दुखत असला तरी हळूहळू होते. काठापासून थोडं आत पाण्यात फिशिंग कोन नावाचा दगडी शंकू आहे. जुने लोक तळ्यात गळ टाकून मासा धरत आणि तिथल्या तिथे त्या शंकूच्या कढत पाण्यात बुडवून शिजवत. आता मनाई आहे. फिशिंग ब्रिजवरूनही १९७३ पासून मासेमारी बंद आहे. पुलाच्या कठड्याशी मुलांना उभं करा, खाली कटथ्रोट ट्राउट मासे प्रवाहाच्या उलट तोंड करून स्थिर राहिलेले दिसतात का ते शोधू दे.

दुपारी ऊन चढलं की आई-बाबांना लेक हॉटेलच्या सनरूममध्ये न्या. १८९१ मध्ये सुरू झालेलं पिवळं हॉटेल आहे, समोर मोठाल्या खिडक्यांतून सगळं तळं. कॉफी घ्यायची आणि बसायचं. तिथे राहत नसलात तरी चालतं.

ओवी_के

सह्यकडा, हे बाबांना वाचून दाखवलं. ते निवृत्त भूगोल शिक्षक आहेत, आता रोज फोनवर त्याच तळ्याबद्दल बोलतायत.

मुलांचा एकच प्रश्न, शेकोटी करता येईल ना? आणि फिशिंग ब्रिज तर ऑगस्टचं पूर्ण भरलेलं दिसतंय!

गवतीचहा

फिशिंग ब्रिजला लाकडाची शेकोटी करू देत नाहीत. म्हणून दोन तळी करा. वेस्ट यलोस्टोनच्या पश्चिमेला, आयडाहोच्या हद्दीत हेन्रीज लेक स्टेट पार्क आहे. तिथे आरव्हीला जोडण्या मिळतात, शेकोटीला कडं असतं, आणि यलोस्टोनच्या मानानं गर्दी कमी. आयडाहोबाहेरच्या लोकांना दर जास्त पडतो, तरी परवडतं. सॉल्ट लेक सिटीहून आय-१५ महामार्गानं आयडाहो फॉल्स आणि तिथून यूएस-२० नं वर, म्हणजे वाटेतच. पहिल्या दोन रात्री तिथे काढा. शेकोटी, कणसं, गाणी जे काय करायचं ते तिथे. ऑगस्टमध्ये वणव्यामुळे कधी कधी आगीवर बंदी येते, त्या दिवशी मुलांना आधी सांगून ठेवायचं. जळण तिथेच विकत घ्या, लांबून आणू नका, लाकडातून कीड पसरते.

फिशिंग ब्रिजचं बुकिंग वर्षभर आधी उघडतं, म्हणून भरलेलं दिसतं. पण रद्द होणाऱ्या जागा सतत परत येतात. सकाळ-संध्याकाळ बघत राहा, आणि सलग तीन रात्री न शोधता एकेक रात्र शोधा. आधी मिळेल ती धरायची, मग शेजारच्या तारखा जोडत जायचं.

उत्तरायण

एक खर्चाचं राहिलं. २०२६ पासून यलोस्टोन आणि ग्रँड टीटन धरून ११ नॅशनल पार्कांत परदेशी पाहुण्यांना १६ वर्षं आणि त्यापुढे माणशी १०० डॉलर जादा फी आहे, आणि वार्षिक पासचे दरही रहिवाशांना ८० आणि परदेशी पाहुण्यांना २५० असे वेगळे झाले आहेत. आई-बाबा टुरिस्ट व्हिसावर आहेत, तेव्हा तुमच्या पासवर, तुमच्या गाडीत त्यांना कसं धरतात ते पार्कच्या साइटवर निघायच्या आधी वाचा. ओळखपत्रं आणि पासपोर्ट जवळ ठेवा.

परतीला जॅक्सनमार्गे येणार असाल तर आरव्ही टीटन पास या घाटातून आणू नका. दहा टक्क्यांचा उतार आहे, ब्रेक तापतात. होबॅकवरून अल्पाइन आणि तिथून यूएस-२६ नं स्वान व्हॅली, असा लांबचा पण सोपा रस्ता घ्या. मूस-विल्सन रोडवर तर आरव्हीला बंदीच आहे.

ओवी_के

मंडळी, बातमी! हेन्रीज लेकच्या दोन रात्री मिळाल्या, आणि काल रात्री फिशिंग ब्रिजच्या तीन रात्री मिळाल्या. मधली एक आधी हाती लागली, मग दोन्ही बाजूंच्या जोडल्या, गवतीचहानं सांगितलं तसंच. २८ फुटी क्लास सी घेतोय, मागचा बेड दोन्ही बाजूंनी मोकळा आहे. मुलं कारमध्ये काका-काकूंबरोबर. पहिली रात्र दिरांकडे. आईनं सांगलीहून भाजणी दळून ठेवली आहे.

गाडी ताब्यात घेताना काय काय बघायचं?

डोंगरवेडा

घाई करायची नाही, तासभर लागू दे. बाहेरून चारही बाजूंचा आणि छताचा व्हिडिओ काढा, प्रत्येक ओरखड्यासकट. मागे एका भाडेवाल्यानं आधीपासून फाटलेल्या ताडपत्रीचे पैसे आमच्याकडे मागितले होते, व्हिडिओ होता म्हणून सुटलो. फ्रीज गॅसवर आणि विजेवर दोन्हीकडे चालवून बघा. हीटर दिवसा गरम होत असलं तरी लावून बघा, रात्री दोन वाजता कळून उपयोग नाही. पाण्याचा पंप, गरम पाणी, शेगडीचे दोन्ही बर्नर. सांडपाण्याची नळी भोकं नाहीत ना, पाण्याच्या पाइपाला दाब कमी करणारी पितळी तोटी आहे ना. गाडीची उंची कागदावर लिहून ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर चिकटवा, पेट्रोल पंपाच्या छपराखाली आणि ड्राइव्ह-थ्रूमध्ये ती लागते. पेट्रोल भरताना गॅसचा कॉक बंद.

परत देताना दोन्ही टाक्या रिकाम्या हव्यात, नाहीतर जबर पैसे लावतात. सॉल्ट लेकला पोचायच्या आदल्या मुक्कामीच ते उरकून घ्या. आणि पार्कात फोनला रेंज फारशी नसते, नकाशे आधीच उतरवून ठेवा, दोन्ही गाड्यांनी रोज दुपारी कुठे भेटायचं ते सकाळी चहाच्या वेळी ठरवा.

खडीसाखर

ओवी, भाजणी आईंच्या सामानातून येणार असेल तर डब्यावर नाव लिहायला सांग आणि विमानतळावर खाद्यपदार्थ आहेत असं स्पष्ट जाहीर करायला सांग. फोडणीच्या बाटलीचं प्रमाण व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलं आहे.